गर्दी जमते, वर्ग भरत नाही

जानेवारी २०१३च्या अखेरीस अमेरिकेतील अटलांटाच्या जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या नामवंत संस्थेने 'कोर्सेरा' या संकेतस्थळावर एक अभ्यासक्रम सुरू केला. ऑनलाइन शिक्षणाचे नियोजन कसे करावे, हाच त्याचा विषय होता. नाव नोंदवणाऱ्यांची संख्या ४० हजारांच्या पुढे गेली. एवढ्या मोठ्या समुदायाची लहान लहान गटांत विभागणी करावी आणि गटागटाने चर्चा करत शिकावे, अशी योजना होती. ती मुळात चुकीची नव्हती. मात्र गटात नाव घालण्यासाठी गूगलचा एक सामायिक तक्ता वापरण्यात आला. हजारो विद्यार्थी एकाच वेळी त्या तक्त्यावर तुटून पडले आणि तो कोलमडला. कोण कोणत्या गटात आहे, हेच कोणाला कळेना. पहिल्याच आठवड्यात अभ्यासक्रम स्थगित करण्याची नामुष्की संस्थेवर ओढवली.

ऑनलाइन कसे शिकवावे हे शिकवणारा वर्गच ऑनलाइन बुडाला, म्हणून त्या वेळी या प्रकाराची बरीच टिंगल झाली. टिंगल बाजूला ठेवली तर एक गोष्ट उरते. संस्थेची ख्याती होती, मोफत प्रवेश होता, जगभर पसरलेले व्यासपीठ होते. प्रसिद्धीची उणीव तर मुळीच नव्हती. आलेल्या माणसांना एकमेकांशेजारी बसवायचे कसे, एवढे एकच काम नीट झाले नाही आणि त्यापायी बाकी सारे व्यर्थ गेले.

ही जुनी कथा आज उगाळण्याचे कारण असे की, २०२०च्या टाळेबंदीनंतर घरातूनच आपला वर्ग चालवू पाहणाऱ्यांची संख्या आपल्याकडेही झपाट्याने वाढली. निवृत्त शिक्षक, गायनाच्या शिकवण्या घेणाऱ्या गृहिणी, नोकरी सांभाळून एक्सेल शिकवणारे लेखापाल असे नाना प्रकारचे लोक यात आहेत. त्यांच्या या उत्साहावर पोसला जाणारा आणखी एक धंदाही उभा राहिला आहे. 'तुमचे ज्ञान विका, महिन्याला लाख मिळवा' असे सांगणाऱ्या जाहिराती भ्रमणध्वनीच्या पडद्यावर कोणी पाहिल्या नसतील असे नाही. अभ्यासक्रम कसा विकावा, याचा अभ्यासक्रम विकणारी ही मंडळी नवशिक्याला पहिला सल्ला देतात तो प्रसिद्धीचा: आधी गर्दी जमवा, बाकीचे नंतर पाहू. अटलांटात जे घडले ते या सल्ल्याच्या नेमके विरोधात जाते. नवशिक्याने आपली बचत आणि चार लोकांत असलेली पत पणाला लावण्यापूर्वी गेल्या पंधरा-सोळा वर्षांचा हिशेब एकदा डोळ्यांखालून घालायला हवा.

या प्रकाराची सुरुवात अगदी वेगळ्या वातावरणात झाली होती. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी २००८मध्ये ज्ञान आणि संपर्कजाल या विषयावर एक वर्ग घेतला. फी भरलेले विद्यार्थी होते २५. त्याच वर्गाची दारे महाजालावर सर्वांना मोफत उघडी ठेवल्यावर सुमारे २,२०० लोक येऊन बसले. अशा खुल्या व विशाल अभ्यासक्रमांना पुढे 'मूक' हे नाव पडले, त्याचा उगम याच वर्गात आहे. विद्यार्थ्यांनी एकमेकांचे लेखन वाचावे, त्यावर लिहावे, वाद घालावेत, ही त्या वर्गाची रीत होती. शिक्षकाचे व्याख्यान हा त्याचा केवळ एक भाग होता. तीन वर्षांनी, २०११च्या शरद सत्रात, स्टॅनफर्ड विद्यापीठातील सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सर्वांसाठी खुला केला आणि नावे नोंदवणाऱ्यांचा आकडा १ लाख ६० हजारांवर गेला. त्या आकड्याने साऱ्यांचे डोळे दिपले. २०१२मध्ये कोर्सेरा, युडॅसिटी आणि एडेक्स ही तिन्ही नावे पुढे आली, भांडवलदार धावले. संपर्काचे सूत्र मागे पडले आणि चित्रफितींचा कारखाना पुढे आला.

कारखान्याचा माल किती खपला? एमआयटीच्या पहिल्या खुल्या अभ्यासक्रमात, म्हणजे २०१२च्या 'सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स'मध्ये, १,५४,७६३ जणांनी नाव घातले आणि ७,१५७ जणांना प्रमाणपत्र मिळाले. हे प्रमाण पाच टक्क्यांहूनही कमी. विषय कठीण होता, पहिलाच प्रयोग होता, असे म्हणून त्याचे समर्थन करता आले असते. परंतु हार्वर्ड आणि एमआयटीच्या २०१२ ते २०१८ या काळातील अशा साऱ्या अभ्यासक्रमांची छाननी करून दोन संशोधकांनी २०१९मध्ये 'सायन्स' नियतकालिकात जे निष्कर्ष मांडले, त्यांत सुधारणेचे चिन्ह नव्हते. २०१७-१८मध्ये सर्व नोंदणीधारकांपैकी ३.१३ टक्के लोकांनीच अभ्यासक्रम पूर्ण केला होता. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी तर वर्गाचा उंबरठाही ओलांडला नव्हता. खुद्द थ्रन यांनी आपले उत्पादन निकृष्ट असल्याची कबुली २०१३मध्येच देऊन टाकली होती.

यात विद्यार्थ्यांच्या आळसाला दोष देणे सोपे आहे. मात्र दूरशिक्षण चालवणाऱ्या जुन्या संस्थांना ही गोष्ट महाजालाच्या कितीतरी आधी ठाऊक होती. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१मध्ये अध्यापन सुरू केले, तेव्हा टपालाने जाणारे धडे आणि बीबीसीवरील कार्यक्रम यांच्या जोडीला स्थानिक मार्गदर्शक आणि उन्हाळी शिबिरे ठेवली. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठानेही १९८९मध्ये स्थापना झाल्यापासून गावोगावच्या अभ्यासकेंद्रांचा आधार घेतला. घरात एकट्याने पुस्तक उघडून बसणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात ढेपाळतो. शेजारच्या बाकावरचा सहाध्यायी 'परवा का नाही आलास?' असे विचारतो, तेव्हा तो चौथ्या आठवड्यात पुन्हा येतो. ही अतिशय साधी गोष्ट आहे आणि ती पैशाने विकत घेता येत नाही.

आता आपल्याकडील नवशिक्याचा विचार करू. कल्पना करू की, पुण्यातील एखाद्या जाणकाराला मोडी लिपीचा वर्ग ऑनलाइन सुरू करायचा आहे. हे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. मोडी कागदपत्रांचे गठ्ठे पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि ठिकठिकाणच्या महसुली कचेऱ्यांत पडून आहेत. ते वाचू शकणारी माणसे थोडी. २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध हाती घेतला, तेव्हा मोडी वाचकांची केवढी निकड भासली, हे सर्वांनी पाहिले. म्हणजे गरज खरी आहे. शिकू इच्छिणारे मात्र विखुरलेले आहेत: इतिहासाचा विद्यार्थी, आजोबांच्या पेटीतला जमिनीचा कागद वाचू पाहणारा नोकरदार, निवृत्तीनंतर छंद शोधणाऱ्या बाई, न्यू जर्सीत बसून आपल्या घराण्याची कुळकथा जुळवणारा अभियंता. एका शहरात असे पाच जण एकत्र मिळणे कठीण, पण महाजालावर मिळू शकतात. अशा ठिकाणीच ऑनलाइन वर्गाला खरा अर्थ आहे.

या शिक्षकाने बाराखडीच्या चाळीस चित्रफिती तयार करून ठेवल्या, तर काय होईल? पहिल्या पाच पाहिल्या जातील. मोडीची अक्षरे ओळखणे हे काम महिन्याभराचे. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. आधी शिरोरेघ ओढून तिच्याखाली हात न उचलता लिहिलेला मजकूर, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हे नाहीत आणि प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे. एक कागद चौघांनी मिळून वाचला, एकाने 'मौजे' लावले, दुसऱ्याला तालुक्याचे नाव ओळखीचे निघाले, तिसऱ्याने सालाचा मेळ घातला, तर तो सुटतो. इथे सहाध्यायी ही शिकण्याची सामग्रीच ठरते. असे काम ज्या वर्गात आहे तिथे समुदाय आपोआप बनू लागतो. जिथे नाही तिथे कितीही शुभेच्छा संदेश पाठवले तरी बनत नाही. म्हणून नवशिक्याने स्वतःला पहिला प्रश्न हा विचारावा की, माझ्या विषयात विद्यार्थ्यांनी एकत्र बसून करण्यासारखे काय आहे? गायनाच्या वर्गाला तर हा प्रश्न फार छळतो. महाजालावर आवाज पोहोचायला क्षणाचा काही अंश लागतो आणि तेवढ्याने लय मोडते, त्यामुळे दोघांना एकत्र गाता येत नाही. परंतु प्रत्येकाने घरी ध्वनिमुद्रण करून आणावे आणि सर्वांनी ते ऐकून बोलावे, एवढे करता येते. कानाची तयारी त्यातूनही होते.

संख्येचा हिशेबही मांडून पाहावा. प्रत्येक विद्यार्थ्याचे काम तपासून त्याला दोन ओळी लिहायला आठवड्याला दहा मिनिटे लागतात असे धरू. बारा विद्यार्थी असतील तर दोन तासांत काम आटोपते. तीनशे विद्यार्थी आले तर पन्नास तास लागतील, म्हणजे शिकवणे सोडून नुसती तपासणी करत बसावे लागेल. जाहिरातीच्या जोरावर तीनशे जण जमवणाऱ्या एकट्या शिक्षकापुढे मग दोनच मार्ग उरतात. एक तर त्याने तपासणी सोडून द्यावी, म्हणजे वर्गाचे रूपांतर चित्रफितींच्या संग्रहात होते. किंवा एकमेकांचे काम तपासायला विद्यार्थ्यांना शिकवावे. हा दुसरा मार्ग उत्तम, परंतु तो पहिल्या दिवशी उपलब्ध नसतो. कारण चांगली तपासणी म्हणजे काय, हे पाहिलेले दहा-बारा जुने विद्यार्थी त्यासाठी आधी तयार व्हावे लागतात. पहिली तुकडी लहान ठेवायची ती याच कारणासाठी.

दोन हजार रुपये फी, आठ आठवड्यांचा वर्ग, बारा विद्यार्थी: एकूण जमा २४ हजार. आठवड्यातून दीड-दीड तासाच्या दोन बैठका, तपासणी आणि तयारी धरली तर हा उद्योग पोटापुरता नाही, हे उघड आहे. त्यावर उपजीविका अवलंबून असलेल्यांनी ते आधीच मान्य करून उतरावे. नोकरी सोडून यात उडी घ्या, असे सांगणारा सल्लागार बहुधा स्वतःच्या फीचा विचार करत असतो.

मग प्रसिद्धी करायचीच नाही का? करायची, पण तिची किंमत ओळखून. ही किंमत किती, याचा एक रोकडा पुरावा 'युडेमी' या अभ्यासक्रम विकणाऱ्या संकेतस्थळाच्या नियमात सापडतो. शिक्षकाने स्वतःच्या दुव्यावरून आणलेल्या विद्यार्थ्याच्या फीपैकी ९७ टक्के रक्कम शिक्षकाला देण्याची आणि संकेतस्थळाने मिळवून दिलेल्या विक्रीपैकी ३७ टक्केच देण्याची पद्धत त्यांनी अनेक वर्षे चालवली. शिकवणारा तोच, धडे तेच. विद्यार्थ्याला दारापर्यंत आणण्याचे मोल मात्र साठ टक्के! यातून व्यासपीठांची लबाडी सिद्ध होत नाही. अनोळखी माणसाचा विश्वास मिळवणे किती महाग असते, एवढेच त्यातून दिसते. नवशिक्याकडे हा विश्वास स्वस्तात मिळण्याची एकच जागा असते, ती म्हणजे त्याला आधीपासून ओळखणारी माणसे. मोडीच्या शिक्षकासाठी ती जागा म्हणजे गावचे वाचनालय, इतिहासप्रेमींचे मंडळ, महाविद्यालयाचा इतिहास विभाग, परदेशातील महाराष्ट्र मंडळ. तिथे एक तास मोफत घ्यावा, एक खरा कागद सर्वांसमोर वाचून दाखवावा आणि शेवटी वर्गाची माहिती द्यावी. हा वर्ग कोणासाठी नाही, हेही त्याच वेळी सांगावे. आठ आठवड्यांत कोणी पेशवेकालीन दफ्तर सराईतपणे वाचू लागणार नाही, हे स्पष्ट सांगणाऱ्याकडे विद्यार्थी थोडे कमी येतात, पण आलेले टिकतात.

याउलट अतिशयोक्त जाहिरातीचे काय होते, हेही आपण पाहिले आहे. लहान मुलांना संगणकाची आज्ञावली शिकवणाऱ्या 'व्हाइटहॅट ज्युनिअर'ने २०२०मध्ये एका बालकाला कोट्यवधींची नोकरी मिळाल्याच्या जाहिराती केल्या. तो बालक काल्पनिक निघाला. जाहिरात मानक परिषदेकडे तक्रारी गेल्या आणि काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. ती कंपनी ज्या 'बायजूज'ने विकत घेतली होती, तिचे मूल्यांकन २०२२मध्ये २२ अब्ज डॉलरपर्यंत पोहोचले आणि जुलै २०२४मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. या ऱ्हासाची कारणे अनेक आहेत आणि त्यांत कर्जाचा मोठा वाटा आहे. पण त्या काळात फसवले गेल्याची भावना झालेले पालक आजही ऑनलाइन शिकवणीचे नाव काढताच भुवया उंचावतात. त्याचा भुर्दंड मात्र प्रामाणिक नवशिक्याला भरावा लागतो.

कायदाही आता पूर्वीइतका स्वस्थ बसलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४मध्ये शिकवणी वर्गांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. निवडीची हमी देणे, यशस्वी विद्यार्थ्याचे नाव किंवा छायाचित्र त्याच्या लेखी संमतीविना वापरणे, याला त्यांत मनाई आहे आणि ही संमती त्याच्या यशानंतर घेतलेली असावी लागते. पन्नासाहून अधिक विद्यार्थ्यांच्या वर्गांना डोळ्यांसमोर ठेवून ही तत्त्वे आखलेली असली, तरी खोट्या जाहिरातीला २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने लहान वर्गालाही मोकळीक दिलेली नाही. 'आमच्या विद्यार्थ्यांचे अनुभव' या मथळ्याखाली व्हॉट्सअॅपवरील खासगी संदेशांची चित्रे छापण्याची जी सर्रास रीत पडली आहे, तिचा यानिमित्ताने अनेकांनी फेरविचार करावा.

व्हॉट्सअॅपचा विषय निघालाच आहे. नवशिक्याचा 'समुदाय' म्हणजे बहुधा तिथला एक गट असतो. हे साधन सर्वांच्या हाती आहे, फुकट आहे आणि साठीच्या विद्यार्थ्यालाही नव्याने काही शिकावे लागत नाही. पण पहिल्या आठवड्यात तिथे प्रश्न येतात, दुसऱ्यात फुलांसह सुप्रभात येते, तिसऱ्यात राजकारण शिरते आणि चौथ्यात अर्धी मंडळी गटाचा आवाज बंद करून टाकतात. हे टाळायचे तर गटाला काम आणि वेळ नेमून द्यावी लागते. मोडीच्या गटात सोमवारी एका कागदाचे छायाचित्र यावे, बुधवारपर्यंत प्रत्येकाने आपले वाचन टाकावे, गुरुवारच्या बैठकीत त्याचा निकाल लागावा आणि अन्य मजकूर तिथे येऊ नये. थोडे कडक वाटेल, पण शिस्तीबद्दल तक्रार करणारे विद्यार्थी गोंधळाला कंटाळून निघून जाणाऱ्यांपेक्षा नेहमीच कमी असतात. शिवाय अशा गटात आपला क्रमांक अनोळखी लोकांच्या हाती पडू शकतो आणि विशेषतः स्त्री विद्यार्थ्यांना त्याचा उपद्रव होतो. त्यांना आधी विचारणे हे साधे सौजन्य आहे. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा २०२३मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांसाठी पालकांची संमती त्यात आवश्यक मानली आहे. तेव्हा हा प्रश्न यापुढे केवळ सौजन्याचा राहणार नाही.

दुसऱ्याच्या जागेवर संसार थाटण्याचा धोकाही विसरून चालणार नाही. ऑर्कुटवर मराठी कवितेपासून किल्ल्यांपर्यंत कितीतरी समुदाय गजबजले होते. सप्टेंबर २०१४मध्ये ते दुकान बंद झाले. याहू ग्रुप्सने डिसेंबर २०२०मध्ये निरोप घेतला. ज्यांनी सदस्यांचे ई-मेल पत्ते संमतीने वेगळे जपून ठेवले होते, त्यांचे गट दुसरीकडे नांदू लागले. बाकीचे पांगले.

या साऱ्यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. बारा-बारा जणांच्या तुकड्या करत बसलो तर ज्ञान सर्वदूर पोहोचणार कधी? खान अकादमीच्या चित्रफितींनी आणि २०१७पासून सरकारच्या 'स्वयम्'ने जे साधले, ते अशा घरगुती वर्गांना कधी साधेल? हा आक्षेप खोडून काढण्याची गरज नाही. मोफत चित्रफिती आपले काम करतच आहेत आणि जिद्दीच्या, स्वतःहून शिकणाऱ्या मुलाला त्या पुरतात. सलमान खान यांनी २००४मध्ये सुरुवात मात्र केली ती एका चुलत बहिणीला दूरध्वनीवरून गणित शिकवून. मग इतर नातेवाईक आले आणि दोन वर्षांनी यूट्यूब आले. बहीण कुठे अडते हे त्यांना आधी कळलेले होते.

आपल्या मोडीच्या शिक्षकाची पहिली तुकडी संपते तेव्हा बारापैकी समजा नऊ जण टिकलेले असतात. गळालेल्या तिघांना दूरध्वनी करून कारण विचारणे हे काम बहुतेक जण संकोचापोटी टाळतात, आणि तिथेच पुढच्या तुकडीसाठी सर्वाधिक उपयोगाची माहिती मिळते. वेळ गैरसोयीची होती, छायाचित्रे भ्रमणध्वनीवर नीट दिसत नव्हती, बैठकीत बोलायची भीती वाटली, असली ही उत्तरे असतात. उरलेल्या नऊंपैकी दोघे-तिघे पुढच्या तुकडीत साहाय्यक म्हणून बसायला तयार झाले, तर त्यांची फी माफ करावी आणि नव्या विद्यार्थ्यांची संख्या बारावरून अठरावर न्यावी. जाहिरातीसाठी पैसे खर्च करायचेच असतील, तर ते तिसऱ्या तुकडीच्या वेळी करावेत. तोवर बुधवारी येणाऱ्या वाचनाला उत्तर देणारे शिक्षकाखेरीज आणखी तिघे जण गटात असतील.